पायोमेट्राच्या ऑपरेशननंतरचा पहिला शनिवार-रविवार आणि मागच्या अंगणातलं बागकाम

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सात वर्षांची देशी मादी, गर्भपिशवीत पू झाला (हाच पायोमेट्रा) म्हणून गुरुवारी ऑपरेशन, शुक्रवारी संध्याकाळी घरी, तळेगावला रोहाऊस, मागे छोटं अंगण, आठवडाभर पावसामुळे बागेचं काम राहिलंय आणि शनिवार-रविवारच मोकळे आहेत. तुम्ही विचारलंय की तिला पोत्यावर बाजूला बसवून बागकाम केलं तर चालेल का, गोगलगायींचं औषध टाकू का, गुलाबाला एरंडी पेंड घालायचीय ती घालू का, आणि कण्हत असेल तर आपली पॅरासिटामॉल अर्धी देऊ का. मी बावीस वर्षं प्राण्यांची प्रॅक्टिस करतेय आणि माझ्या गच्चीवर पन्नासेक कुंड्या आहेत, त्यामुळे दोन्हीकडची ओढ मला कळते. पण चारही प्रश्नांना माझं उत्तर नाही असंच आहे, का ते सविस्तर सांगते आणि मग बागेचं काय करता येईल तेही सांगते.

आधी गोळीचं, कारण ते थांबण्यासारखं नाही. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यातलं घरातल्या डब्यातलं काहीही देऊ नका, अर्धी नाही पाव नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनीवर ताण येतो, आणि पायोमेट्रामध्ये किडनी आधीच मार खाऊन आलेली असते (म्हणूनच ती ऑपरेशनच्या आधी इतकं पाणी पीत होती). मांजर असेल घरात तर पॅरासिटामॉलचा तुकडाही जीव घेतो. तुम्हाला डॉक्टरांनी जी पेनकिलर लिहून दिलीय, बहुतेक मेलॉक्सिकॅम असेल, ती दिवसातून एकदा, पोटात अन्न गेल्यावरच. तिने खाल्लं नाही किंवा उलटी केली तर तो डोस देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन. आणि पहिल्या रात्रीचं कण्हणं बऱ्याचदा दुखण्यापेक्षा भुलीचं असतं, कुत्रं गोंधळलेलं असतं, कुठे आहोत कळत नाही, भिंतीकडे बघून कुईंकुईं करतं. लाइट मंद करा, जवळ गादी टाकून झोपा, हात ठेवा अंगावर. सकाळपर्यंत उतरतं. दिवसासुद्धा कण्हत राहिली, हात लावू देत नसेल, पाठ वाकवून उभी राहत असेल तर ते दुखणं, मग फोन करा, त्यासाठी वेगळं औषध असतं.

आता मुख्य मुद्दा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या चोवीस तासांत सगळे घाबरलेले असतात म्हणून सगळे नीट वागतात. खरी गडबड होते ती तिसऱ्या दिवशी, म्हणजे तुमच्या हिशोबाने रविवारी. पायोमेट्राची मादी आजारी असताना शरीरभर विष पसरल्यासारखी मलूल असते, आणि ती पुवाची पिशवी निघाली की दोन-तीन दिवसांत तिला इतकं हलकं वाटायला लागतं की घरातले म्हणतात अहो डॉक्टर ही तर पहिल्यापेक्षा पळतेय. पळते, पण आत पोटाच्या भिंतीचे टाके फक्त दोऱ्यावर धरलेले असतात, दोन आठवड्यांनी सुद्धा त्या जागेला मूळ ताकदीचा छोटासाच भाग आलेला असतो. बाहेरची जखम सुकलेली दिसते आणि आपण फसतो. तिला वाटतंय बरं, तुम्हालाही वाटतंय बरं, तुम्ही खुरपं घेऊन पाठमोरे, कंपाउंडवरून मांजर गेलं की ती उठून एक झेप घेणार. बस्स. त्यामुळे "ती काय, बाजूला नुसती पडून राहील" हे वाक्य मनातून काढून टाका. दहा ते चौदा दिवस, टाके निघेपर्यंत, अंगणात ती फक्त पट्टा लावून, फक्त सुसू-शीसाठी, पाच मिनिटं, आणि त्या पाच मिनिटांत तुमच्या हातात दुसरं काहीही नाही.

दुसरं कारण पाऊस. ओल्या मातीवर पोट टेकून बसली की टाके भिजतात, आणि भिजलेली जखम आणि आपल्याकडचा आषाढ-श्रावण म्हणजे माश्या. त्या निळ्या-हिरव्या चमकणाऱ्या माश्या, शेणखताच्या पोत्याभोवती घोंघावतात ना, त्याच जखमेवर येऊन अंडी घालतात, आणि उबेला एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर येतात. अंडी कशी दिसतात ते नीट सांगते कारण लोक बघतात आणि ओळखत नाहीत: खसखशीपेक्षा जरा लांबट, पिवळसर पांढरे दाणे, टाक्याच्या कडेच्या केसांना झुपक्याने चिकटलेले, जणू साबणाचा फेस वाळलाय. पुसलं तरी पटकन निघत नाहीत. असं दिसलं तर ओल्या गॉजने अलगद केसांसकट काढायचा प्रयत्न करा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, उद्या नाही. टर्पेंटाइन ओतू नका, ताज्या टाक्यांवर ते भाजल्यासारखं लागतं. हळदही भरू नका. आजीचा जीव तुटतो मला माहितीये, पण हळदीचा थर बसला की खालची लाली, सूज, पू काहीच दिसत नाही, आणि या दिवसांत आपल्याला तेच तर बघायचंय.

बघायचं कसं. सकाळ-संध्याकाळ एकाच जागी, एकाच उजेडात, तिला कुशीवर झोपवून टाक्यांचा एक फोटो काढा. डोळ्यांना कालचं आठवत नाही, फोटोला आठवतं. कडेला थोडी गुलाबी रेघ, किंचित सूज, पहिल्या दिवशी एखादा लालसर पाण्याचा थेंब, हे चालतं. लाली पसरतेय, गरम लागतंय, वास येतोय, पिवळं-हिरवं येतंय, टाक्यांमध्ये फट दिसतेय, थेंब थांबतच नाहीयेत, तर नाही चालत. टाक्याखाली मऊ, न दुखणारी, पाण्याच्या फुग्यासारखी गाठ आली तर बहुतेक वेळा ते फार हालचाल झाल्यामुळे साचलेलं पाणी असतं, दाबू नका, सुई तर मुळीच नाही, फोटो डॉक्टरांना पाठवा. योनीमार्गातून दोन-चार दिवस थोडा स्राव येऊ शकतो, तो रोज कमी व्हायला हवा.

रोज वरचा ओठ उचलून हिरड्या बघायची सवय लावा. गुलाबी, ओलसर. बोटाने दाबून सोडलं की पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी. हे मी प्रत्येक मालकाला टेबलावरच करून दाखवते कारण आतून रक्त जात असेल तर पोटावर काही दिसायच्या आधी हिरड्या पांढऱ्या पडतात. पांढऱ्या हिरड्या, पोट फुगलेलं, उठताना लटपटतेय, हे तिन्ही किंवा यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी गाडी काढायची. तापाचं मात्र लोक उगाच घाबरतात, कुत्र्याचं नॉर्मलच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, आपल्या मापाने बघू नका. 103 च्या वर गेलं तर फोन.

खाणं: मऊ भात, उकडलेलं चिकन, बिनमसाल्याचं, कांदा-लसूण अजिबात नाही, थोडं थोडं चार वेळा. चोवीस तासांत थोडं तरी खायला हवं. शी दोन-तीन दिवस झाली नाही तर घाबरू नका, ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं होतं. सुसू मात्र घरी आल्यापासून बारा तासांत व्हायला हवी. पाणी पिणं हळूहळू कमी होत जाईल, ते चांगलं लक्षण. अँटिबायोटिकचा कोर्स दिलाय तो ती नाचायला लागली तरी पूर्ण.

आणि तो गळ्यातला भोंगा, टाके चाटू नयेत म्हणून लावलेली ती शंकूसारखी कॉलर. तो काढून तुम्ही बागेत जाणार असाल तर जाऊ नका, इतकं सोपं आहे. टाका तोडायला तिला दहा मिनिटं पुरतात, मी पाच मिनिटांत तोडलेले शिवलेत. भोंग्याने जेवता येत नसेल तर तुमच्या समोर काढा, जेवली की परत घाला. जुना टी-शर्ट घालता येतो, पुढचे पाय बाह्यांतून, कमरेवर गाठ, पण तो दिवसातून दोनदा बदला आणि ओला झाला की लगेच, आणि तो भोंग्याच्या ऐवजी नाही, भोंग्याच्या जोडीला. जिना चढायचा असेल तर एक हात छातीखाली, एक मांड्यांमागे, पोटाखाली हात नाही.

आता बागेकडे येते. तुमची एरंडी पेंड. हे मी कळवळून लिहितेय. काही वर्षांपूर्वी मुळशीकडून एक लॅब्रेडॉर आली होती माझ्याकडे, नसबंदीचे टाके काढायला चार दिवस राहिले होते, अगदी सुंदर जखम भरत होती. मालकांनी गुलाबांच्या कुंड्यांत एरंडी पेंड आणि हाडांचा चुरा मिसळून घातला, वर माती ओढली, आणि ती दुपारी व्हरांड्यात एकटी होती. भोंग्याच्या कडेने तिने कुंडी उकरली. भोंग्याच्या आतल्या बाजूला मातीचा आणि पेंडीचा थर बसलेला होता, त्याच्यावर तिच्या जिभेचे पट्टे उमटलेले मला अजून दिसतात. संध्याकाळी काही नाही, रात्री थोडी उलटी, दुसऱ्या दिवशी दुपारी रक्ताची हगवण आणि ती कोसळली. एरंडीच्या बीमध्ये रायसिन नावाचं विष असतं, तेल काढल्यावर ते पेंडीतच राहतं, नीट उष्णता दिलेल्या पेंडीत ते निकामी होतं पण आपल्या पिशवीतली कशी आहे ते बघून कळत नाही, आणि त्याच्यावर उतारा नाही, फक्त सलाइन आणि आधार. आम्ही तीन दिवस धडपडलो. ती नाही वाचली. पेंडीचा आणि हाडाच्या चुऱ्याचा वास कुत्र्याला खाऊसारखा येतो, त्यांची त्यात काही चूक नाही. कुत्रं असलेल्या घरात एरंडी पेंड आणूच नका, आत्ताही नाही आणि टाके निघाल्यावरही नाही. निंबोळी पेंड घ्या, कडू असल्याने बहुतेक कुत्री तोंड लावत नाहीत, आणि गांडूळखत घालून वर नारळाच्या शेंड्या दाबा. हाडाचा चुराही नको, जास्त खाल्ला तर पोटात सिमेंटसारखा गोळा होतो, आणि नुकतंच उघडून शिवलेलं पोट परत उघडायची वेळ येऊ नये.

गोगलगायींचं औषध, त्या निळ्या-हिरव्या गोळ्या, त्यात मेटाल्डिहाइड असतं. कुत्र्याने खाल्लं की काही तासांत अंग थरथरायला लागतं, मग झटके, अंग तापून भट्टी होतं. गोळ्यांना धान्याचा लगदा असतो त्यामुळे चवीला आवडतात. 2022 साली मराठवाड्यात गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं तेव्हा शेतकऱ्यांना गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाला टाकायचा सल्ला दिला जात होता, रात्री त्याखाली गोगलगायी जमतात, सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात. तेच तुमच्या अंगणात एका गोणपाटावर करता येईल, साधं पाण्यात भिजवून खाली कोबीची पानं ठेवली तरी जमतात. फक्त हातमोजे घाला, उघड्या हाताने मोठ्या गोगलगायी उचलू नका, त्यांच्यात मेंदूपर्यंत जाणारा एक जंत असू शकतो. हातमोजे तसेही हवेतच, पावसाळ्यात उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो आणि तो कुत्र्याला होतो तसा आपल्यालाही होतो.

उंदरावरून आठवलं, कुंड्यांमागे उंदराच्या औषधाच्या वड्या ठेवल्या असतील तर आज उचला. त्यातल्या बऱ्याच औषधांनी रक्त गोठणं बंद पडतं, आणि लक्षणं दिसतात तीन-पाच दिवसांनी. पोटात ताजे टाके असलेल्या मादीत याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. कोपऱ्यात जुन्या डब्यात ते वासाचे दाणे असतील, फोरेट नावाचं कीटकनाशक, ज्याला सगळे थायमेटच म्हणतात, तर त्याच्यावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदीच आहे, पण शेतीवाल्या घरातून तो डबा अजून निघतो. लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाचे स्नायू फडफडणं, ही त्याची खूण. यातलं काहीही पोटात गेल्याची शंका आली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मिठाने वेगळंच संकट येतं आणि उलटीचा जोर पोटाच्या टाक्यांवर पडतो. पाकीट हातात घ्या आणि निघा. पाकिटावरचं नाव आम्हाला अर्धा तास वाचवून देतं.

झाडांमध्ये सायकस असेल, कण्हेर किंवा पिवळी बिट्टी असेल, तर तिच्या पाच मिनिटांच्या फेरीत ती बाजू टाळा. सायकसच्या बियांनी लिव्हर जातं, कण्हेर आणि बिट्टी हृदयावर. मनी प्लांट, डिफनबेकिया चावले तर तोंड सुजतं, लाळ गळते, सहसा जीवावर बेतत नाही. एरवी न चावणारं कुत्रंही या दिवसांत चावतं कारण कंटाळलेलं असतं. संध्याकाळी अंगणात भेक निघतात, तो तोंडात धरला आणि फेस यायला लागला तर ओल्या फडक्याने हिरड्या-जीभ पुसा, पाणी ओतायचंच तर डोकं खाली धरून, घशात जाऊ न देता.

एवढं सगळं नाही-नाही म्हटलं, आता काय करता येईल ते. शनिवारी सकाळी सात वाजता पट्टा लावून सुसू, पोट आणि पाय कोरड्या टॉवेलने टिपा (घासू नका), फोटो, हिरड्या, खाणं, औषध. त्यानंतर ती तासभर तरी झोपते. दार लावून, भोंगा घालून, पंख्याखाली झोपली की तुम्ही चाळीस मिनिटं अंगणात. या चाळीस मिनिटांत पावसाळ्यातलं सगळ्यात गरजेचं काम करा: कुंड्यांची खालची भोकं. काडी घालून मोकळी करा, ताटल्यांतलं पाणी ओता, कुंड्या विटेवर चढवा. आठवडाभर पाणी साचलं तर मुळं कुजतात, बाकी छाटणी, खत, फवारणी पंधरा दिवस थांबलं तर काही बिघडत नाही. तण काढा, पिवळी पानं काढा. शेणखताचं पोतं उघडू नका, टाके निघेपर्यंत माश्यांना निमंत्रण नको. आत येताना चपला बाहेर, हात साबणाने, कपडे बदलून मग तिच्याजवळ.

आणि जे काम बसून होतं ते आत तिच्याजवळच आणा. माझ्या कुत्रीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दोन दिवस हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून जास्वंदीची कलमं केली. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी, खालचा काप डोळ्याच्या (जिथून पान फुटतं त्या गाठीच्या) जरा खाली तिरका, वरची दोनच पानं ठेवायची आणि तीही अर्धी कापायची, दोन डोळे ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात). पावसाळी हवेत महिन्याभरात मुळं धरतात. झेंडूचं बी ट्रेमध्ये आत्ता पेरलंत तर दसरा-दिवाळीला तुमच्याच अंगणातली फुलं. माझी ती तेव्हा भोंग्यासकट मान माझ्या मांडीवर टाकून पडायची, प्रत्येक काडीचा वास घ्यायची आणि परत डोळे मिटायची. कात्री आणि कोकोपीटची पिशवी तेवढी उठताना बरोबर उचलायची, जमिनीवर सोडायची नाही.

रविवारी ती उड्या मारायला बघेल तेव्हा खेळायला बोलावू नका. फडक्याच्या घड्यांत चिकनचे बारीक तुकडे लपवा आणि भोंगा काढून, तुमच्यासमोर, वासाने शोधायला लावा. पंधरा मिनिटं नाक चालवलं की ती फेरी मारून आल्यासारखी दमते, आणि पोटावर काही ताण नाही. सोफ्यावर चढायची सवय असेल तर सोफ्यावर दोन खुर्च्या आडव्या टाका. सोमवारी कामावर जायच्या आधी घरात कोण थांबणार ते शनिवारीच ठरवा, पहिला आठवडा तिला आठ-नऊ तास एकटं ठेवू नका. आणि शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळचे सगळे फोटो ओळीने तुमच्या डॉक्टरांना पाठवा, सोबत किती खाल्लं, किती वेळा सुसू, शी कधी झाली एवढं लिहा, टाके कधी काढायचे ते त्यावरून त्यांना सांगता येईल. मलाही कळवा, ती कशी आहे.